पलटवलेली पत्ती

बाबा, काल तुमच्या अंगठ्याचं कौतुक मला पुन्हा एकदा ऐकावं लागलं. किन्हीराजाचे कोल्ड्रिंकवाले काका आले होते, उन्हाळ्याच्या तोंडाशी ज्यांचा फ्रीज तीनदा आपल्याकडे आला होता तेच. आता थकलेत, काठी घेऊन चालतात, दुकान सून बघते. आपलंही दुकान आता रिसोडच्या स्टँडाजवळ नाही, घराच्याच पुढच्या खोलीत आहे, त्यामुळे माय दिवसभर तिथे खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलते. मी काकांच्या डीप फ्रीजरला दाब मोजायचं गेज लावून खाली बसले होते आणि ते मायला सांगत होते, “वहिनी, आता हे घड्याळं लावून पाह्यतेत. भाऊचा अंगठा म्हंजे मीटर होता मीटर. नुसता पायपावर ठेवला का सांगे, व्हॉल जिता हाय का मेला. कधी चुकला नाई.” माय हसली आणि म्हणाली, “होता खरा.” मी नळी जरा जास्तच आवळली. काका गेल्यावर मायनं खुर्ची सावलीत ओढली. मग आपल्याशीच बोलावं तशी म्हणाली, “त्याइले खोटं कायले पाडू आता. त्या साली खाल्लंच असन म्या कायतरी. याद नाई राह्यलं.” तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली, ती गोष्ट घडून बावीस झाली, आणि ही बाई आता न केलेला गुन्हा कबूल करायला लागली आहे. तुमचा अंगठा खरा ठरावा म्हणून. म्हणून आज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून हे लिहायला बसले.

तुम्ही शिकवलेलं मी काही विसरलेले नाही, हे आधी सांगते, नाहीतर म्हणाल पोरीला अक्कल नाही. दहावीनंतर मी फ्रीजच्या कामाचं आयटीआय करायचं म्हटलं तेव्हा सगळे हसले, तुम्ही हसला नाहीत. तुम्ही मला दुकानात नेलंत, करवतीनं फाडलेला एक कॉम्प्रेसर टेबलावर उलटा ठेवलात, तेल गळू दिलंत आणि चिमट्यानं व्हॉल्व्हच्या दोन पोलादी पत्त्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्यात. नखाहून पातळ होत्या. “हे पाय,” तुम्ही म्हणालात, “पिस्टन खाली गेला का ही उघडते, गॅस आत येते. वर आला का ही मिटते अन् ते दुसरी उघडते, गॅस बाहेर जाते. सेकंदाले पन्नासेक खेपा. बाकी सारा कॉम्प्रेसर म्हंजे या दोघीचा नोकर.” पत्ती जाड पडली तर उशिरा उघडते आणि मोटर उगाच कष्टते, मऊ पडली तर उशिरा मिटते आणि ढकललेला गॅस मागे फिरतो, तेलानं चिकटली तर दोन्हीकडून नुकसान. तो दिवस मला आजही हातावरच्या तेलासकट आठवतो. त्या दिवशी तुम्ही मला मोठ्या माणसासारखं समजावून सांगितलंत, आणि मी मूर्ख, मला वाटलं आता तुम्ही माझं ऐकालही.

अंगठा हा तुमचा धर्म होता. कॉम्प्रेसर टेबलावर ठेवायचा, दोन वायरींनी चालू करायचा आणि गॅस बाहेर ढकलणाऱ्या नळीच्या तोंडावर उजवा अंगठा दाबून धरायचा. अंगठा उडाला आणि मशीन बंद केल्यावरही आतला दाब टिकला, तर व्हॉल्व्ह पक्का. लोक बघायला उभे राहायचे. तुम्ही डोळे मिटायचे, जसं काही नाडी बघताय, आणि निकाल द्यायचे. मी आयटीआय करून अठराव्या वर्षी दुकानात आले तेव्हा सोबत दोन घड्याळांचं गेज घेऊन आले, माझ्या शिष्यवृत्तीतून घेतलेलं. तुम्ही ते खिळ्याला टांगलंत आणि त्यावर आपला गमछा वाळत घातलात. मला राग आला नाही. मला वाटलं, हळूहळू होईल.

काकांचा फ्रीज पहिल्यांदा आला तेव्हा तुम्ही अंगठा लावलात आणि म्हणालात, “व्हॉल चांगला हाय, गॅस कमी हाय.” गॅस भरला. आठ दिवसांनी परत आला. पुन्हा अंगठा, पुन्हा गॅस. तिसऱ्यांदा काका जीपमधून फ्रीज उतरवत असतानाच मी तुमच्या गमछ्याखालचं गेज काढलं आणि जोडलं. खेचायच्या बाजूचा काटा उतरत नव्हता, ढकलायच्या बाजूचा चढत नव्हता. कॉम्प्रेसर हात लावू देत नव्हता इतका तापलेला, आणि आवाजात एक बारीक टकटक. मी काकांसमोर म्हटलं, “बाबा, आवाज आयका, पत्ती लवकर मिटून नाई राह्यली. तापल्यावर गॅस वापस येते.” तुम्ही माझ्याकडे वळलात. होळीला दोन दिवस होते, बाहेर पोरं टिमक्या बडवत होती, तरी तुमचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. “माह्या दुकानात माह्या अंगठ्याच्या वर कोनी बोलाचं नाई. कान तेज असन तं घरी ने, पोया फुगतानी कामी येईन.” काका हसले. शेजारचा पंक्चरवाला हसला. मी नळ्या सोडवल्या, गेज खिळ्याला टांगलं, गमछाही परत त्यावर घातला. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो कॉम्प्रेसर फाडलात. पत्तीचा कोपरा तुटलेला होता. काका न्यायला आले तेव्हा तुम्ही त्यांना सांगितलंत, “रातभर विचार केला, मंग अंगठ्याले समजलं.” माझ्याकडे तुम्ही बघितलंही नाहीत. मला वाटतं त्या दिवशी तुम्ही माझ्या मनातून उतरलात, बाबा. तोवर मी तुमची होते.

आणि त्याच महिन्यात तुम्ही मायला ती भेट दिलीत. मायला साखरेचं दुखणं लागून दोन वर्षं झाली होती, इन्शुलिन चालू होतं. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला शिकवलं होतं तसं तिनं मोरीजवळच्या सावलीत वाळू पसरून त्यात मडकं बसवलं होतं, वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची, मडक्यावर ओलं फडकं टाकायचं, आत डबीत बाटली. मडक्यात हात घातला की गारवा लागायचा. साखर ताब्यात होती. पण आत्या आली आणि तिनं मडकं बघितलं. “काय वो दादा, फ्रीजवाल्याच्या घरी औषद मडक्यात? लोकं काय म्हंतीन?” लोकं काही म्हणत नव्हती, पण तुम्हाला ते लागलं. पाडव्याच्या दिवशी तुम्ही हातगाडीवरून फ्रीज आणलात. अंग एका फ्रीजचं, पिवळट, दार दुसऱ्याचं, आभाळी, आणि कॉम्प्रेसर तुमच्या दुकानामागच्या ढिगातला. मायनं दाराला हळदीकुंकू लावलं, ओवाळलं. मग दार उघडून डोळे मिटून नुसती उभी राहिली, गार वारा तोंडावर घेत. इतकी खूश मी तिला क्वचित बघितली. तुम्ही मडकं अंगणात पालथं केलंत आणि वाळू तुळशीच्या कुंडीत ओतलीत.

तो कॉम्प्रेसर तुम्ही उघडून पुन्हा जोडलात तेव्हा मी समोर होते. पत्तीवर चकतीसारखा घासल्याचा गोल उमटला होता, ती जिथे मिटून बसते त्या बैठकीवरही तसाच. वर्षानुवर्षं दोघी एकमेकींवर आपटून झिजलेल्या. गिऱ्हाइकाचं काम असलं की तुम्ही काचेवर बारीक पेस्ट टाकून ती बैठक अर्धा-अर्धा दिवस घासायचा, सपाट झाली की नाही ते उजेडात धरून बघायचा. त्यात तुमच्या हाताला तोड नव्हती, हे मी आजही सांगते. त्या दिवशी तुम्ही पत्ती उचललीत, तव्यावरची भाकर पलटवावी तशी पलटवलीत आणि कसून टाकलीत. मी फक्त इतकं विचारलं, “काचेवर नाई घासत?” तुम्ही म्हणालात, “घरचा हाय. घरच्याले कोन वापस आननार हाय?” मग अंगठा लावलात, डोळे मिटलेत. अंगठा उडाला. उडणारच होता. मशीन थंड होतं, टेबलावर होतं, त्याच्यावर कसला भार होता? थंड असताना सगळ्या पत्त्या इमानदार असतात.

उन्हं चढली आणि तो फ्रीज दोन प्रकारचा झाला. पहाटे सगळं गार असतं तेव्हा मशीनला ढकलायलाही कमी लागतं, त्यामुळे सकाळी बर्फाच्या खणात पांढरा थर दिसायचा. तुम्ही दुकानात निघताना दार उघडून तो बघायचा, खण ठोकायचा आणि समाधानानं जायचा. दुपारी पत्रे तापले, मशीन तापलं, की नवी बाजू जुन्या झिजेवर नीट बसायची नाही. ढकललेला गरम गॅस फटीतून परत सिलिंडरमध्ये. तोच गॅस आत, तोच बाहेर, दिवसभर पाण्यात काठी मारल्यासारखं. दुपारी घरी फक्त माय असायची. तिनं तुम्हाला सांगितलं होतं, मी ऐकलंय. “अवो, दुपारी याच्यातलं पानी कोमट लागते.” तुम्ही म्हणालात, “घडीघडी दार उघडून थंडा वारा घेत असशीन. तो काय कूलर हाय?” ती ओशाळली. पाडव्याला ती घेतच होती ना वारा, तेच तुम्ही तिच्या तोंडावर मारलंत. वर आत्याला तुम्ही मीटर लावून दाखवलंत, “पाय, किती कमी करंट घेते, नवा फ्रीज नाई घेत एवढा कमी.” बाबा, कामच करत नव्हता तर करंट कशाला घेईल? हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. रिकामी बैलगाडी ओढणारा बैल दमत नाही म्हणून त्याला कोणी शाबासकी देत नाही.

मायची साखर वाढायला लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी औषध वाढवलं. नवी बाटली आली, ती त्याच फ्रीजमध्ये गेली. इन्शुलिन गरमीनं निकामी झालं तरी बाटलीकडे बघून काही कळत नाही, पाण्यासारखंच दिसतं. साखर आणखी वाढली. डॉक्टरांनी तुमच्यासमोर विचारलं, “गोड खाता का चोरून?” सहज विचारलं असेल, ते सगळ्यांनाच विचारतात. पण तुम्हाला हवं तेच हातात मिळालं. घरात दोनच गोष्टी चुकीच्या असू शकत होत्या, तुमचं काम किंवा तुमची बायको. तुम्हाला निवड करायला एक क्षण लागला नाही.

आखाजीचा, अक्षय्यतृतीयेचा दिवस. आत्या आणि तिची माणसं जेवायला. माय सकाळपासून चुलीपाशी, पोळ्या, कुरड्या, चिंचवणी, आणि परातभर आंबे. तिनं एकटीनं सगळा रस पिळला, कोपरापर्यंत हात पिवळे. पंगत बसली. तुम्ही पहिला घास घ्यायच्या आधी तिला हाक मारलीत, “इकडं ये. हात दाव.” तिला वाटलं काहीतरी लागलंय. तिनं हात पुढे केला, आणि तुम्ही सगळ्यांसमोर तिची बोटं धरून नाकाशी नेलीत आणि हुंगलीत. मी रसाची वाटी घेऊन दारात उभी होते. “आंब्याचा वास येऊन राह्यला,” तुम्ही म्हणालात. ती म्हणाली, “रस म्या पिळला तं वास कोनाचा येईन वो?” तुम्ही म्हणालात, “पिळता पिळता चाटला असशीन. साखर आपोआप चढते काय?” “देवाशपथ नाई चाटला.” “मंग चढली काहून?” आत्या ताटात बघत राहिली. माय मोरीत गेली, राखेनं हात घासले, आली, पुन्हा गेली, पुन्हा घासले. दिवसभरात तिनं अर्धी भाकर आणि ठेचा खाल्ला, तोही तुमच्यासमोर, दिसावं म्हणून. रस मी प्यायले. तुम्ही आग्रह केलात आणि मी प्यायले.

त्यानंतर महिन्याभरात तिच्या डाव्या पायाला चपलेचा फोड आला आणि तो बरा होईना. अकोल्याला नेलं. दोन बोटं काढावी लागली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. इथे तुमच्या बाजूचंही लिहिते, नाहीतर मायच म्हणेल की पोरगी खोटारडी आहे. त्या पंधरा दिवसांत तुम्ही दवाखान्यातून हलला नाहीत. तिला पाठीवर घेऊन संडासला न्यायचा. तिचं लुगडं तुम्ही स्वतः धुवायचा, वरांड्यात वाळत घालायचा, बाकीच्या बायका बघायच्या. तुमचे डोळे सुजलेले मी बघितलेत. पण त्या पंधरा दिवसांतही तुम्ही तिच्या उशाशी बसून म्हणत होता, “आता तरी नको खात जाऊ वं गोड.” इतक्या मायेनं म्हणायचा की मला तुमचा गळा धरावासा वाटायचा. माणूस चुकतो, ठीक. तुम्ही तिला माफ करत होता, बाबा. तुमच्या चुकीबद्दल तुम्ही तिला माफ करत होता.

मग पाऊस लागला, दुपारी गार झाल्या, तुमची पत्ती कशीबशी बसायला लागली आणि दवाखान्यातून आणलेल्या ताज्या औषधानं साखर उतरली. तुम्हाला पुरावाच मिळाला. “पाह्यलं? आंबे सरले, साखर उतरली,” हे तुम्ही किती जणांना सांगितलंत. पुढच्या उन्हाळ्याआधी तुम्ही हप्त्यांवर नवा फ्रीज घेतलात, कारण आत्यानं घेतला होता. जुना दुकानामागे ढिगात गेला. पुन्हा कधी साखर तशी चढली नाही, आणि त्याचंही श्रेय तुमच्या धाकाला मिळालं. चौथ्या वर्षी दुकानातच छातीत कळ येऊन तुम्ही गेलात. मायनं तोंडात पाणी घालताना तुमच्या उजव्या अंगठ्यावर डोकं टेकवलं. मी ते बघू शकले नाही.

तेरावं झाल्यावर मी ढिगातून तो फ्रीज काढला. आधी तुमच्यासारखाच अंगठा लावला. थंड होता, उडाला, दाबही टिकला. मग दोन तास भारावर चालवून, तापवून पुन्हा लावला. काहीच नाही, बाळानं फुंकर मारावी तेवढंच. कॉम्प्रेसर फाडला. पत्तीच्या दोन्ही बाजूंना गोल उमटले होते, एक जुना पूर्ण, आणि एक आपल्या घरातला, नखाएवढ्या जागेत तुटलेला, तिथे पत्ती टेकतच नव्हती. तेवढ्या नखाएवढ्या फटीतून माझ्या आईची दोन बोटं गेली. ती पत्ती मी सुपारीच्या डबीत घालून गल्ल्यात ठेवलीय. तेव्हापासून माझ्या हातून एकही कॉम्प्रेसर थंड तपासून बाहेर गेलेला नाही. कामरगावपासून लोक येतात, बाई वेळ लावते म्हणतात, पण येतात. लग्नाचं बोलणं दोनदा आलं, दोनदा या दुकानावर अडलं. मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते मायचं. तिचा आखाजीचा हात अजून खाली आलेला नाही. बावीस वर्षं झाली, संध्याकाळी सुई टोचायच्या आधी ती आपसूक बोटं पुढे करते, समोरच्याच्या नाकाशी. आधी तुम्ही टोचायचा, आता मी टोचते. पाहुण्यांना वाटतं म्हातारीला चळ लागलाय.

तुम्ही म्हणाल, मग डबी उघडून तिला ती पत्ती का दाखवली नाहीस? अठरा वर्षं काय करत होतीस? दोन गोल दाखवायचे, आणि म्हणायचं, माय, तू नाही खाल्लंस, हे बघ काय झालं होतं. पाच मिनिटांचं काम आहे. ती रडेल, तुम्हाला शिव्या देणार नाही, पण मान वर करून बसेल. एवढं मी तिचं देणं लागते. आणि मी तुम्हालाच बोल लावत बसले आहे. तुम्ही तर गेलात. जिवंत आहे ती मी, डबी माझ्याकडे आहे.

कारण पत्ती बघितल्यावर माय एकच विचारील. तिला मशीनमधलं काही कळत नाही, पण माणसांमधलं बरोबर कळतं. ती विचारील, “तुले कवा समजलं?”

तुम्ही गेल्यावर समजलं, असं म्हणता येईल. डबी तशी साक्ष देईल. पण मला आखाजीच्या चार दिवस आधी समजलं होतं. भर दुपारी लोडशेडिंग झालं, लाइन गेली, फ्रीज बंद पडला. चांगला फ्रीज बंद पडला की आत गॅसचा लांब सुस्कारा येतो, बराच वेळ. हा एका श्वासात संपला. मी दुकानातून डबा न्यायला घरी आले होते, पाणी प्यायला उभी होते. तांब्या हातात. मला लगेच कळलं, पत्ती धरत नाहीये. कान तेज होताच माझा. माय आत झोपली होती, बाटली दाराच्या खणात होती. आणि मी तांब्या ठेवला आणि गप्प बसले. तुमच्या अंगठ्यावर कोणी बोलायचं नव्हतं ना? मला वाटलं, सापडू दे. एकदा याच्याच घरात, याच्याच हाताचं काम उघडं पडू दे, मग बघू कोण हसतं. औषधाचा विचार मनात आला नव्हता असं म्हणेन तर तेही खोटं होईल. आला होता. चार दिवसांत काय बिघडतंय, असं मनात म्हटलं. आखाजीला तुम्ही तिची बोटं हुंगत होता तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी वाटी धरून उभी राहिले. नंतर तर बोलायची सोयच उरली नाही, कारण मग आधी का नाही बोललीस हे आलं असतं. पुढची प्रत्येक बाटली मी तिला त्या फ्रीजमधून काढून दिली.

सहा वाजले. शटरखालून उजेड तिरपा येतोय, आत मायनं स्टीलच्या डब्यातून सुई काढून ठेवल्याचा आवाज झाला. “झालं काय वं तुहं लिवनं?” विचारतेय. हा कागद गल्ल्यात डबीखाली जाईल, दुसरं कुठे जाणार. आता मी आत जाईन, आताच्या फ्रीजमधून बाटली काढीन, आणि ती नेहमीसारखी बोटं पुढे करील. तुमच्यावर एवढं तोंड सोडलं, तर हेही सांगते. मी तिचा हात बाजूला सारत नाही. एकदाही सारलेला नाही. सारला तर ती विचारील, काहून? म्हणून मी वाकते, तिची बोटं हुंगते, आणि म्हणते, नाई खाल्लं माय तू. आणि ती म्हणते, पक्कं पाय.